तिसऱ्या संध्याकाळची शेगडी

आमच्या मोलो भागात मयताला जाऊन आलेलं माणूस थेट घरी जात नाही. वाटेत कुठंतरी टेकायचं, काहीतरी तोंडात टाकायचं, चार शब्द बोलायचे, मग घर गाठायचं. मागोमाग निघालेला मेलेला माणूस तेवढ्यात वाट चुकतो. प्लाझामागच्या, म्हणजे चर्चपुढच्या चौकामागच्या, खाण्याच्या गाड्यांच्या रांगेत माझ्या आईची शेगडी होती आणि मयतं ठेवायची जागा तिथून दोन गल्ल्यांवर. एकतीस वर्षं तिचा निम्मा धंदा या लोकांवर चालला.

"कुणाकडून आलात?" ती विंझणा हलवत विचारायची. "ठेवून जा त्याला इथंच. माझ्याकडे बरेच जमलेत. कांदे सोलायला बरे पडतात."

लोक हसायचे. कोंबडीच्या आतड्यांच्या काड्या, शेंदरी तेल पाजून कडेनं करपवलेल्या, निखाऱ्यावरून उचलून माडीच्या शिरक्यात बुडवायचे. त्या बरणीत लसूण, आलं आणि मिरच्या महिनोन्महिने मुरत असत. पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी यायचं. मयताच्या घरी जे रडायला जमलं नव्हतं, ते इथं कुणाला न कळता उरकून घेता यायचं.

आई मंगळवारी सकाळी गेली, काड्या ओवता ओवता. ओवून झालेल्या दोनशेच्या वर होत्या. मी त्या बर्फाच्या पेटीत ठेवल्या आणि मग शेजाऱ्यांना हाक मारली. या क्रमाबद्दल मला अजून कुणी विचारलेलं नाही.

मी वाचलेल्या पुस्तकांत शोक करणारी माणसं खिडकीशी एकटी उभी राहतात. आमच्याकडे बसायला खुर्ची मिळत नव्हती. पुढच्या खोलीत काचेच्या झाकणाखाली आई, अंगणात पत्त्यांचे दोन डाव, आणि सुतकात केर काढायचा नसतो म्हणून पायाखाली शेंगांची टरफलं. माझी मावशी, तिया पुरिंग, दाराशी बसून कोण आलं, कोण नाही, यावर लक्ष ठेवून होती.

गुरुवारी दुपारी मानो गोदो आले; मानो म्हणजे आमच्याकडे दादा. रांगेच्या शेवटाला, गटाराच्या तोंडाशी ते भाजलेली कणसं विकतात. मेणबत्ती लावली, आईकडे बराच वेळ पाहिलं, मग टोपी हातात घेऊन माझ्यापाशी आले.

"इंदाय, वाईट वाटून घेऊ नकोस. मी गाडी आज संध्याकाळी हलवतो. तुझ्या मावशीनं शब्द दिलाय."

त्रेचाळीस वर्षांची झाले तरी सगळ्या गल्लीची मी इंदायच, म्हणजे पोरच. "कसला शब्द?"

त्यांनी मावशीकडे पाहिलं. मावशीनं जपमाळेकडे पाहिलं.

रांगेचा नियम जुना आहे. लागोपाठ तीन संध्याकाळी जिथं शेगडी पेटली नाही, ती जागा पुढच्याची. आणि पेटली म्हणजे नुसता धूर नव्हे. चर्चची सहाची घंटा व्हायच्या आत एका तरी गिऱ्हाइकानं खाल्लं पाहिजे. जागा अडवून महिना महिना गावी जाणाऱ्यांसाठी हा नियम केला होता, आणि करणाऱ्यांत आई होती. मयत झालं तर काय, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. सगळी तरुण होती.

"नऊ दिवस घरच्यांनी धंद्याला हात लावायचा नसतो," तिया पुरिंग म्हणाली. "जागा जाणारच. निदान ओळखीच्या माणसाला जाऊ दे. आणि तू काय शेगडी चालवणार? शाळेच्या वाचनालयात बसून जन्म गेला तुझा. भात लावलास तर खाली लागतो."

"चालवीन की नाही ते मला माहीत नाही, तिया. पण ती अजून या खोलीत आहे. तिला पुरलं नाही तोवर तिची जागा वाटायची नाही."

"लोक काय म्हणतील?"

"अंगणात बसलेत. विचार त्यांना."

साडेचार झाले होते. मी बर्फाची पेटी उचलली, शिरक्याची बरणी काखेत घेतली आणि निघाले. तीन दिवस अंघोळ नाही, केसांत कंगवा नाही. मयत घरात असताना ते करायचं नसतं. मागून मावशी ओरडत होती की मुलीनं शवपेटी सोडून जायचं नसतं. मी वळले नाही, कारण वळले असते तर परत गेले असते.

रांग भरात होती. केळी साखरेत तळायचा वास, नारिंगी पिठातली अंडी तेलात टण्ण उडत होती, केळीच्या पानातला चिकट भात उकलून पोरं फुंकर मारत होती. आईच्या जागेवर शेगडीचं उलटं घमेलं आणि त्यावर कुणीतरी ठेवलेला पांढऱ्या फुलांचा गजरा. मी गजरा बाजूला ठेवला आणि घमेलं सुलटं केलं.

शेजारी केळीवाल्या मानांग सालुद; मानांग म्हणजे ताई. रांगेतल्या सगळ्यांत जुन्या, म्हणून निवाडाही त्यांचाच.

"मानांग, दोन निखारे द्या."

त्यांनी झारा खाली ठेवला. "पोरी, सुतकातल्या हातात विस्तव देत नाहीत. माझ्या घरात बाळंतीण आहे."

"बरं."

मी स्वतःच पेटवायला घेतली. आईनं मला कधी शेगडीजवळ बसू दिलं नव्हतं. धुरानं डोळे जातील, मग वाचशील कशी, म्हणायची. नारळाच्या शेंड्या, वर कोळसे, आगपेटीच्या तीन काड्या वाया, चौथीला जाळ झाला आणि माझ्या भुवया जळाल्या. रांगेतून कुणीतरी खुसखुसलं.

"विंझणा खालून, खालून!" मानांग सालुद न राहवून म्हणाल्या. "वरून काय वारा घालतेस, जावई आहे का तो?"

पाच वाजून दहा मिनिटांनी निखारे लाल झाले. मी काड्या मांडल्या. आतड्यांच्या घड्या एकसारख्या होत्या, एकीतही ढिलाई नाही. शेवटच्या एका काडीवर फक्त अर्ध्यापर्यंत ओवलेलं होतं. ती मी पेटीत परत ठेवली.

वास सुटला. गिऱ्हाइकं आली, मला पाहिलं, माझे केस पाहिले, दंडावरची काळी फीत पाहिली आणि पलीकडच्या तळलेल्या अंड्यांकडे गेली. सुतकातल्या हातचं कोण खाणार?

साडेपाचला आमच्या घरून निघालेली माणसं प्लाझाच्या कोपऱ्यावर दिसली. पंधरा-वीस असतील. एकतीस वर्षांचा पायांचा सराव होता, ते रांगेकडेच वळले. मग धूर कुठून येतोय ते कळलं आणि सगळे जागीच थबकले. कुजबुज झाली. मग हळूच तोंडं फिरवून ते मोठ्या रस्त्यावरच्या बर्गरच्या दुकानाकडे निघाले, काचेच्या दाराआड, गारव्यात.

त्यांचंही खरं होतं. जिला वाटेत सोडायचं, तिच्याच शेगडीवर थांबून कसं चालेल?

गटाराकडून मानो गोदो गाडी ढकलत आले आणि चार हातांवर थांबले. घाई केली नाही. "इंदाय, घंटा होऊ दे. मी थांबतो."

"थांबा," मी म्हणाले. "बसायला स्टूल देऊ?"

मग मी जे केलं ते माझ्या स्वभावात नाही. मी वाचनालयात दुसऱ्यांना गप्प करण्यात वीस वर्षं घालवली आहेत. मी विंझणा घमेल्यावर आपटला आणि सगळ्या प्लाझाला ऐकू जाईल असं ओरडले.

"थांबा की! कुठं निघालात? तुमचे नवरे, तुमच्या सासवा, सगळी भुतं इथं तिच्या गळ्यात टाकून गेलात. तीस वर्षं तिनं ती सांभाळली. कधी कुरकुर केली? आणि आता तिची एकटीची पाळी आली तर पळताय? येऊ दे ना तिला तुमच्या मागं! काय करेल? फार तर म्हणेल, तुमच्या आमटीत मीठ नाही!"

तेल तेवढं तडतडत होतं. मी काड्या उलटायला घेतल्या.

घोळक्यातून एक बाई परत फिरली. मानांग क्लेओफे, धोबीण, गुडघे दुखतात म्हणून डुलत चालणारी. समोर येऊन तिनं कमरेवर हात ठेवले.

"माझा नवरा कन्रादो, त्याला मी इथंच सोडला होता. अकरा वर्षं झाली. अजून इथंच असणार मेला, फुकटचं खात."

"असतील."

"मग त्याला भेटल्यासारखंही होईल. दोन दे. शिरका जास्त."

मागून कुणीतरी म्हणालं, "अगं क्लेओफे, ती तुझ्या घरी येईल!"

"येऊ दे! घरात मी एकटी असते, मला सोबत होईल!" ती न वळता म्हणाली, काडी बरणीत बुडवली आणि चावली. क्षणभर तोंड वाकडं झालं. मग ती डोळे पुसायला लागली, आणि ते मिरचीनं होतं की काय, हे मी विचारलं नाही. आई विचारत नसे.

सहाची घंटा अजून व्हायची होती. मानांग सालुदनी क्लेओफेच्या हातातल्या रिकाम्या काडीकडे पाहिलं, मग मानो गोदोंकडे. "गाडी मागं घे, गोदो."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. गाडी वळवताना म्हणाले, "सुतक नऊ दिवसांचं आहे, इंदाय. मधे पुन्हा पेटवावी लागेल."

"पेटवीन."

मग एकेक जण परत आला. काही लाजत, काही नुसते वासानं. पत्त्यांच्या डावातले दोघं थेट माझ्यासमोर भांडत उभे राहिले की पहिला डाव कुणाचा होता. पंधरा मिनिटांत शेगडीभोवती खांद्याला खांदा लागला. कुणी आईची नक्कल केली, "कुणाकडून आलात?" आणि सगळे इतक्या मोठ्यानं हसले की मला निखाऱ्यांत बघत राहावं लागलं.

गर्दी बाजूला सारत तिया पुरिंग आली. डोक्यावर काळी ओढणी, हातात जपमाळ, धापा टाकत. ती मला ओढून न्यायला आली होती, हे सगळ्यांना कळलं आणि जागा झाली. तिनं माझ्या जळक्या भुवयांकडे पाहिलं. मग तिनं शेगडीवरची एक काडी उचलली, उलटसुलट पाहिली, शेवटी खाल्ली. चावत राहिली.

"बाहेर कोळसा, आत कच्चं," ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "तुझ्या आईनं हे पाहिलं असतं तर लाजेनं मेली असती."

"मग येऊन सांगू दे की तिला," मी म्हणाले आणि पुढच्या काड्या निखाऱ्यावर टाकल्या.