दिजाँच्या घुबडाला डावा हात

हौसेरावांच्या तोंडात तीळ भिजत नाही, ही सत्यभामाबाईंची लग्नापासूनची तक्रार. दोघं लेकाकडं, फ्रान्सातल्या दिजाँ शहरात, महिनाभर राहून कोपरखैरण्याला परतली, तशा सोसायटीतल्या बायका पेढे खायला जमल्या.

"तिकडं वाइनच्या नद्या वाहतात म्हणं?" शेजारच्या वेणूबाईंनी विचारलं.

"वाहंनात का! आमी काय बुडायला गेलतो?" म्हणत सत्यभामाबाई ऐटीत सांगू लागल्या. रंगीत कौलांची छपरं काय, मोहरीच्या चटणीची नुसती दुकानंच्या दुकानं काय!

तेवढ्यात हौसेराव मध्येच बोलले, "आन् चर्चच्या भिंतीवरचं दगडी घुबड? इच्छा पुरी व्हावी म्हणून लोक त्याला डावा हात लावत्यात. आमच्या हिनंबी लावला!"

बायका फिसकन हसल्या. डाव्या हातानं प्रसाद घेतला म्हणून सत्यभामाबाईंनी झापलं नाही, अशी बाई त्या सोसायटीत शोधून सापडली नसती. घुबडाचं तर नावसुद्धा त्या घरात काढू देत नसत. इतक्या वर्षांचा दरारा एका पेढ्यासरशी गेला.

"मग काय मागितलंत, वहिनी?" वेणूबाईंनी चिमटा काढला.

सत्यभामाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. मार्केटात पोती वाहून त्यांचे गुडघे पार कामातून गेले होते आणि पुढच्याच महिन्यात ऑपरेशन होतं.

"तुमचे गुडघे मागितले," त्या म्हणाल्या. "चुकलंच माझं. पाय धड नसताना तुमी बसल्या जागी माझी अब्रू वेशीवर टांगताय, पाय आले तर दारोदार सांगत फिराल. अक्कल मागायला पायजे होती!"