उशीवरचं माप

“माप दाखवायला पोरगी उभी करू नको, कामिनी. उशी घे.”

जरीनाआपा हे मला पहिल्याच महिन्यात म्हणाली, आणि मी मनात म्हटलं, झालं, लागलं हिच्या पोटात दुखायला.

दुखत होतं ते माझ्या. सावद्याच्या ज्या शिवणकाम केंद्रात मी गेल्या ऑगस्टला शिकवायला लागले, तिथे ती अकरा वर्षांपासून होती. शिक्षण दहावी. वडील टेलर, त्यामुळे हात लहानपणापासून मशीनवर. मी बीएस्सी, वर फॅशन डिझाइनचा डिप्लोमा, दोन वर्षांच्या लेकीला सासूबाईंकडे ठेवून रोज जीव टांगणीला लावून येणारी. पण मुली तिला आपा म्हणायच्या आणि मला मॅडम. मधल्या सुट्टीत सगळे डबे तिच्या टेबलावर उघडायचे.

केंद्र चालवणारे सुकदेव सर म्हणायचे, “हल्ली पोरी बोर्ड वाचून येत नाहीत, मोबाइल बघून येतात.” म्हणून प्रत्येकीने आपल्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप करायचा, आठवड्याला एक व्हिडिओ केंद्राच्या चॅनेलवर टाकायचा आणि खाली येईल त्या प्रत्येक कमेंटला उत्तर द्यायचं. अगदीच वेळ नसेल तर निदान लाल बदाम, म्हणजे हार्ट, द्यायचा. शनिवारच्या मीटिंगमध्ये सर व्ह्यूजचे आकडे वाचत.

“जरीनाबाई, तीन हजार दोनशे. कामिनी मॅडम...” इथे ते चष्मा पुसत. “एकशे सहा.”

त्या एकशे सहात मी स्वतः किती वेळा होते ते मलाच माहीत.

व्हिडिओ करायला मी तिचेच व्हिडिओ पाहून शिकले, हे तिला कधी सांगितलं नाही. मोबाइल रिळांच्या डब्यांवर टेकवायचा. खिडकी पाठीमागे घ्यायची नाही, समोर घ्यायची. खडू गुलाबी, म्हणजे कापडावर उठून दिसतो. एका लांबट उशीला ती जुना ब्लाऊज चढवायची आणि टेप लावता लावता म्हणायची, “बाईसाहेब, श्वास रोखू नका, नंतर हुक लागत नाहीत.” एवढ्यावर लोक खूश. माझी लेकसुद्धा वरणभात खायची ती हाच व्हिडिओ लावला की. मी समोर बसून घास भरवतेय आणि ती जरीनाआपाच्या उशीकडे बघून हसतेय.

सासूबाई म्हणाल्या, “तुहा लाव ना वं एखादा.”

लावला. लेकीने तोंड फिरवलं.

तेव्हाच ठरवलं, उशीला कोण विचारतं? खरं माप खऱ्या अंगावर दाखवायचं. कटोरी ब्लाऊज घेतला, कारण त्याचं माप भल्याभल्यांचं चुकतं. आणि भूमिकाला उभं केलं.

भूमिका माझ्या बॅचची, एकोणीस वर्षांची. जवळच्याच गावातून एसटीने यायची. घराच्या ओट्यावर स्वतःची मशीन टाकायची, एवढंच तिच्या डोक्यात. डबा आपाकडे न नेता माझ्याजवळ बसून खाणारी ती एकटी.

“मॅडम, चेहरा नाही ना येणार?”

“गळ्याच्या खाली धरते गं.”

“बाबांना कळलं तर केंद्र बंद माझं.”

“अगं, कसं कळेल?”

तिने ओढणी काढून बाजूला ठेवली. “घ्या मॅडम. तुमचे पण होतील बघा तीन हजार.”

म्हणजे तिलाही माहीत होतं. सगळ्या केंद्राला माहीत असणार.

चेहरा खरंच आला नाही. पण मी टेप लावत आकडे मोठ्याने सांगत गेले, छाती, कमर, मुंढा. आणि तिच्या अंगावर एक खूण होती. कोणती आणि कुठे, ते इथे लिहीत नाही. एकदा दाखवून झाली आहे माझी.

बुधवारी व्हिडिओ टाकला. शुक्रवारी दुपारी एकोणचाळीस हजार. दर पाच मिनिटांनी बघत होते मी. जरीनाआपा माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाली, “तो व्हिडिओ काढ. आत्ता काढ.”

“का? चाळीस होतायत म्हणून?”

तिच्या गळ्यात कायम टेप असायची. ती तिने काढली, हाताला गुंडाळली, पुन्हा सोडली. “कमेंटा वाच बेटा,” म्हणाली आणि आपल्या वर्गात गेली.

संध्याकाळी लेकीला भरवता भरवता मी कमेंटांना बदाम देत बसले होते. एका कमेंटमध्ये त्या खुणेवरून ओळखून कोणीतरी भूमिकाचं नाव लिहिलं होतं, गावाचं नाव, आणि मापाचा आकडा घालून एक घाण वाक्य. मी त्याला बदाम दिला.

नंतर सगळ्यांना सांगितलं की न वाचता दिला, सवयीने, एकामागून एक. नवऱ्याला सांगितलं, सरांना सांगितलं. ते खोटं आहे. मी नाव वाचलं होतं. गाव वाचलं होतं. आणि तरी डोक्यात हेच, की व्हिडिओ काढला तर उद्या मीटिंगमध्ये सर पुन्हा चष्मा पुसणार आणि ती बाई मनात म्हणणार, मी सांगितलं नव्हतं? बदाम दिल्यावर ती कमेंट वर सरकली. सगळ्यांत आधी तीच दिसायला लागली.

शनिवारी सरांनी वाचलं, “कामिनी मॅडम, एकेचाळीस हजार!” टाळ्या झाल्या. जरीनाआपाने हात मांडीवरच ठेवले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? वर्गात आले तर भूमिकाच्या मशीनवरचं झाकणाचं कापड काढलेलं नव्हतं. ग्रुप उघडला. भूमिका ग्रुपमधून बाहेर पडली होती.

व्हिडिओ मी तिथेच उभ्या उभ्या काढून टाकला. उपयोग नव्हता. कोणीतरी तो कापून, वर गाणं लावून भूमिकाच्या गावाच्या ग्रुपवर आदल्या रात्रीच फिरवला होता.

सोमवारी आपा आणि मी भूमिकाच्या घरी गेलो. वडील ओट्यावर बसले होते, आम्हाला बघून आत निघून गेले. तिची आई साक्रीकडची. तिने दोघींना पाणी दिलं, पण बोलली आपाशीच. “पोर मामाना गावले गयी शे, आपा.”

“कोणतं गाव?”

तिने आतल्या दाराकडे बघितलं आणि रिकामे पेले उचलले. जाताना आपाचा हात धरला. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. आणि अशा वेळीसुद्धा मला वाटलं, हिचाच हात का?

पुढे दोन महिने एक गोष्ट चालली. आपा रोज सकाळी स्टेटसला एखादी शिवणीची युक्ती टाकते. ते कोणी कोणी पाहिलं, त्या यादीत भूमिकाचं नाव यायचं. मीही स्टेटस टाकायला लागले, रोज, तिच्यासाठी. माझ्या यादीत ती कधी आली नाही. मी आल्या आल्या विचारायचे, “आपा, आली का?” आपा मोबाइल माझ्याकडे वळवायची. नाव दिसलं की जीव भांड्यात पडायचा आणि त्याच क्षणी जळायचाही.

संक्रांतीनंतर नाव येणं बंद झालं. फोन लागत नाही. आम्ही दोघी एका बाजाराच्या दिवशी साक्रीला जाऊन आलो, पण गावाचं नाव माहीत नसताना कुठे शोधणार? तिच्या आईने आता आपालाही दार उघडणं सोडलं आहे.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही साक्रीच्या आसपास राहत असाल, आणि तुमच्या गल्लीत सावद्याकडची एखादी मुलगी मामाकडे राहायला आलेली असेल, तर एक उसवलेला ब्लाऊज घेऊन त्या घरी जा. भूमिका हे तिचं खरं नाव नाही, तेव्हा नावाने विचारू नका, आणि माझं तर काढूच नका. टाके घालून मिळतील का, एवढंच म्हणा. ती स्वतः बाहेर येते का, स्वतः बोलते का, की तिच्या वतीने दुसरंच कोणी बोलतं, ते नीट बघा. जमलं तर तुमचा फोन मिनिटभर तिच्या हातात द्या. आपाचा नंबर तिला पाठ आहे.

तिने आपालाच लावला तरी चालेल. पण एकदा जाऊन बघाल का?