वाटीत तरंगलेलं तेल

आमच्या श्रीपादरावांच्या गाडीतून उभ्या आयुष्यात तेलाचा एक थेंब गळलेला नाही. हे मी नाही सांगत, ते सांगतात. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत आलेल्या प्रत्येक नव्या भाडेकरूला सांगून झालंय, आणि लग्नाला एकेचाळीस वर्षं झाल्यामुळे मला तर पाठच आहे. गाडी अडुसष्ट सालची फियाट. तिला ते रोज पिवळ्या फडक्याने पुसतात. घरात पंख्यावर जळमटं लोंबतात, ती मी काढते.

त्यामुळे सोमवारी पार्किंगच्या नव्या फरशीवर, फियाटच्या मागे ओला डाग दिसला तेव्हा अर्ध्या तासात सात तज्ज्ञ जमले. तिसऱ्या मजल्यावरचा केदार, आयटीत आहे, तो म्हणाला एसीचं पाणी असणार. त्या गाडीला एसीच नाही. सेक्रेटरींनी मांजराचा संशय घेतला. शेवटी ह्यांनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी दाखवली. काठोकाठ भरलेली. "गळत असतं तर कमी नसतं झालं?" मांजर दोषी ठरलं.

मला पटेना. रविवारी ठाण्याला जुन्या गाड्यांचा मेळावा होता आणि पुढच्या सीटवर आमची नात उर्वी बसणार होती. सहा वर्षांची पोर. गाडीला पट्टासुद्धा नाही. मांजर असेल तर ठीक, पण नसलं तर? ह्यांना न विचारता मी ठाण्याहून लिओनार्डला बोलावलं. वीस वर्षं तो ह्या गाडीचं काम करतोय आणि वीस वर्षं ह्यांची व्याख्यानं ऐकतोय.

शनिवारी दुपारी तो आला. त्याने ब्रेक दाबून धरला, तर पाय सावकाश खाली खाली जात राहिला. "वहिनी, रद्दी आणा," म्हणाला. चारी चाकांखाली वर्तमानपत्रं पसरली आणि परत पाच मिनिटं ब्रेक दाबत बसला. तीन कागद कोरडे. मागच्या उजव्या चाकाखालचा ओला.

"मांजर फार शिस्तीचं दिसतंय," मी म्हटलं. ह्यांनी ऐकूच न आल्यासारखं केलं.

लिओनार्डने चाक काढलं, ड्रम काढला, आतलं एक लहानसं रबर काढून माझ्या हातावर ठेवलं. भिजवलेल्या वाटाण्यासारखं टम्म फुगलेलं.

"जुनं झालं म्हणून रबर असं फुगत नाय," तो म्हणाला. "साहेब, टाकीत काय ओतलंत?"

"ब्रेक ऑइल. दुसरं काय ओतणार?"

लिओनार्ड वाद घालत नाही. त्याने माझ्याकडे वाटीभर पाणी मागितलं आणि टाकीतलं थोडं त्यात सोडलं. "ब्रेक ऑइल असेल तर पाण्यात मिसळेल. दुसरं तेल असेल तर वर राहील. तसलं तेल लागलं की रबर फुगतं, मग अजून गळतं." आम्ही तिघं वाटीत बघत राहिलो. पाण्यावर तेलाचे गोल मजेत फिरत होते.

वास माझ्या ओळखीचा होता. वर जाऊन मी शिलाई मशीनचा खण उघडला. दिवाळीत मनगट मोडल्यापासून मी मशीनला हात लावला नव्हता, आणि तेव्हा भरलेल्या बाटलीतलं तेल आता तळाला गेलेलं. ती आणून बॉनेटवर ठेवली.

मग निघालं सगळं. तीन आठवड्यांपूर्वी टाकी जराशी कमी दिसली. ब्रेक ऑइल मिळतं कोपऱ्यावरच्या दुकानात, आणि दुकान आहे सेक्रेटरींचं. तिथे बाटली मागितली की संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीत बोंब. म्हणून हा शहाणा माणूस योगासनांना जातो सांगून रोज सकाळी खाली जायचा आणि माझ्या मशीनचं तेल चमच्याचमच्याने टाकीत घालायचा.

"अगं, चांगलं पातळ तेल असतं ते," हे म्हणाले.

"तीन आठवडे," मी म्हटलं. "मग गेल्या रविवारी उर्वीला टिटवाळ्याला कशातून नेलंत?"

शहाडच्या पुलावरून उतरताना ब्रेक तळाला गेलेला आणि गाडी हँडब्रेकवर कशीबशी थांबलेली, हे लिओनार्डने खोदून खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं. इतकी वर्षं मी ह्या माणसाच्या मिजाशीला हसत आले. त्या दिवशी हसू आलं नाही, शिसारी आली.

सगळी रबरं बदलायची, पाइप धुवायचे, पंधरा दिवस गाडी हलवायची नाही, असं सांगून लिओनार्ड गेला. किल्ली मी मशीनच्या खणात टाकली, बाटलीच्या जागी.

रविवारी सकाळी उर्वी नवा फ्रॉक घालून, हातात कागदी झेंडा घेऊन दारात हजर. हे मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. "तिला सांग ना, मेळावा रद्द झाला."

"तुम्ही सांगा. आणि खरं ते सांगा."

सांगितलं बिचाऱ्यांनी, सोफ्याच्या कडेला बसून, अगदी मशीनच्या तेलासकट. पोरीने सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे टिटवाळ्याला जाताना पण गाडी थांबणार नव्हती, आजोबा?"

ते म्हणाले, "नव्हती. चुकलं माझं, बाळा."

एकेचाळीस वर्षांत हे वाक्य ह्या माणसाच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. मला अजून म्हणालेले नाहीत. तेलाची बाटलीही आणून दिलेली नाही.