अझोवकाठची हालिना

ऑक्टोबरचं ऊन जर्मनीतल्या या बॉबलिंगेनमध्ये तसं कंजूषच. पण जे काही पावशेर-अदपाव उतरे, ते आधी हालिनाच्या बाल्कनीत दोरीवर ओवलेल्या, मिठात मुरलेल्या बोटभर माशांतून गाळून निघे आणि मगच आम्हा इतर भाडेकरूंच्या वाट्याला येई. ते मासे सुकता सुकता इतके पारदर्शी होत, की पिंपळपानाच्या जाळीसारखा त्यांचा एकेक काटा उजेडात उमलून दिसे. वरच्या मजल्यावरून वाकून पाहताना मला एकदा त्यांच्या आरपार खुद्द अझोवचा समुद्र दिसला होता, उथळ, करडा, क्षितिजापर्यंत नुसता पडून राहिलेला. आमची ही म्हणते, तो माझ्या चष्म्यावरचा डाग होता. असेल. पण डागाला कधी लाटा येतात का?

हालिना त्या समुद्राकाठच्या एका लहानशा गावची. युक्रेनच्या नकाशात ते गाव आजही आहे, आणि रशियाच्या नव्या नकाशातही ते आता छापलेलं असतं. पण हालिना मात्र दोन्ही नकाशांतून निसटून इथे, श्वाबी टेकड्यांच्या कुशीत, दुसऱ्या मजल्यावर येऊन पडलेली. सत्तरीची, रुंद खांद्यांची, खारा वारा खाऊन खाऊन तांबूस झालेल्या कातडीची बाई. तिचं चालणं भरतीसारखं. जिन्यात आधी तिची चाहूल चढे, मग सावली, आणि ती स्वतः पोचेपर्यंत आपण नकळत भिंतीला सरकून वाट मोकळी केलेली असे. मौन मात्र हिवाळ्यातलं. त्या मौनात शिरताना माणसाने कोट घालूनच शिरावं.

इकडे एक चाल आहे. जिना झाडण्या-पुसण्याची पाळी प्रत्येक बिऱ्हाडाकडे एकेक आठवडा असते. तिचं नाव केअरवोखे. पाळी संपली की लाकडी पाटी पुढच्याच्या दाराच्या मुठीला अडकवायची. हालिना झाडू लागली की धूळ घाबरून पार कार्ल्सरूहेपर्यंत पळत असे, इतकी तिच्या मनगटात जरब. पण पाटी पुढच्या दाराला अडकवायची वेळ आली, की ते मनगट एकाएकी वृद्ध होई. कारण पुढचं दार, अगदी समोरचंच, विक्टरचं होतं.

विक्टर मूळचा वोरोनेझचा रशियन, फार वर्षांपूर्वी इथे येऊन कारखान्यात हाडं झिजवून निवृत्त झालेला, आपल्याच खांद्यांत मान लपवून हिंडणारा विधुर. माणूस वाईट नव्हे. पण हालिना आली त्या पहिल्याच आठवड्यात जिन्यात तो सहज बोलून गेला होता, ‘‘तुमच्याकडे सगळे रशियनच तर बोलतात. मग वेगळं असं काय आहे?’’ झालं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी फक्त मोडक्या जर्मनमध्ये, तेही गळ्याशी आलं तरच बोले, आणि पाटी माझ्या हातात ठेवून डोळ्यांनीच समोरचं दार दाखवी. त्या दोन हातांच्या अंतरावरचा राजदूत म्हणून मी जी सेवा बजावली, तिच्यासाठी एखाद्या सरकारने पदक द्यायला हरकत नव्हती.

आता मी पडलो निपाणीचा. सीमाभागातला. घोषणा ऐकतच दूध प्यायलेला. एकदा ती आमच्याकडे चहाला आली, हिने पुढ्यात भडंग ठेवलं, आणि मला वाटलं, या समदुःखी जिवाला आपणच धीर द्यायचा. म्हटलं, ‘‘आमचंही तसंच, हालिना. घरात मराठी, दारात मराठी, आणि राज्य दुसऱ्याचं. अहो, जिथली भाषा तिथला मुलूख, इतकं साधं आहे!’’

कप बशीवर टेकल्याचा आवाज मी तोवर एवढा मोठा कधी ऐकला नव्हता.

‘‘हेच विक्टर म्हणतो,’’ ती म्हणाली.

‘‘अहो, कुठं काय बोलता!’’ ही माझ्या कानाशी कुजबुजली, म्हणजे तळमजल्याला ऐकू जाईल इतपत.

‘‘मी रशियनमध्ये स्वप्नं पाहते,’’ हालिना सावकाश, जर्मनचा एकेक शब्द वेचत म्हणाली, ‘‘रशियनमध्ये रडते. म्हणून माझं घर त्यांचं होतं? तुमच्या निपाणीत रणगाडे आले होते?’’

‘‘नाही.’’

‘‘मग भडंग वाढा.’’

निपाणीच्या तंबाखूबाजारापासून त्सुफेनहाउझेनच्या फलाटापर्यंत एकाही वादात न हरलेला मी, त्या दिवशी मुकाट्याने भडंग वाढत राहिलो. जन्मभर जे सूत्र मला दिव्यासारखं वाटत आलं होतं, त्याच दिव्याने दुसऱ्या कुणाचं घर पेटू शकतं, हे एका वाटीभर चुरमुऱ्यांच्या साक्षीने कळावं! तेव्हापासून ही तिला मावशी म्हणू लागली, आणि मावशीनेही ते नातं काहीही न विचारता, खांद्यावर शाल घ्यावी तसं घेतलं.

मग हिवाळा आला, आणि तिच्या मौनाचं खरं नाव कळलं: ल्युबा. धाकटी बहीण. गाव ताब्यात गेल्यावरही घर धरून राहिलेली, आणि आता अखेर निघालेली. तिथून बाहेर पडायची वाट मात्र रशियाच्याच पोटातून जाते. ज्याने दार मोडलं त्याच्याच अंगणातून निसटून लाटव्हियाची सीमा गाठायची. एका सकाळी निरोप आला: वोरोनेझच्या बसतळावर आहे, अंगात ताप आहे, पुढची बस चुकली. त्यानंतर फोन मुका झाला. खिडकीबाहेर बर्फ उतरत होतं, शब्द विसरलेल्या माणसाच्या ओठांसारखं, निःशब्द, अविरत; आणि हालिना त्या मुक्या फोनकडे, बुडणाऱ्याने किनाऱ्याकडे पाहावं तशी पाहत होती. ‘‘मावशी, काहीतरी खा,’’ असं हिने म्हणावं आणि तिने मान हलवावी, एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिने पाटी उचलली. पाळी तिची नव्हती, विक्टरचीही नव्हती, पाटी तर आमच्या दाराची होती. पण रिकाम्या हाताने त्या दाराशी जाणं तिला जमेना, एवढाच त्याचा अर्थ. मी जिन्यात बुटाची नाडी बांधत होतो. नाडी लांब होती, वेळ लागला. तिने घंटी वाजवली, दार उघडलं, आणि इतक्या महिन्यांत प्रथमच ती त्याच्याशी जर्मन सोडून बोलली. रशियन मला ओ का ठो कळत नाही. पण दगडाखालून झरा फुटताना पाण्याची भाषा कुणाला शिकावी लागते? तिचा आवाज आधी ताठ होता, मग वाकला, मग वोरोनेझ या शब्दापाशी येऊन फुटला. विक्टरची खांद्यांत रुतलेली मान हळूहळू वर आली. त्याने पाटी तिच्या हातातून काढून भिंतीला टेकवली, तिला आत बसवलं, आणि वोरोनेझमधल्या आपल्या म्हाताऱ्या बहिणीला, तमाराला, फोन लावून असा गरजू लागला, की फोनची काही गरजच नव्हती. तमाराला ते खिडकी उघडूनही ऐकू गेलं असतं.

संध्याकाळ व्हायच्या आत उलटा फोन आला. सापडली. बाकावर गाठोड्याला टेकून बसलेली, तापाने फणफणलेली, पण जिवंत. हालिनाने एवढा मोठा श्वास सोडला, की माझ्या मते त्या आठवड्यात बॉबलिंगेनचं बर्फ लवकर वितळलं ते त्यामुळेच. हवामान खातं काहीही म्हणो.

तमाराने ल्युबाला घरी नेलं, बरी होईपर्यंत ठेवून घेतलं, सीमेकडच्या बसमध्ये स्वतः बसवून दिलं. स्टुटगार्टच्या बसतळावर आम्ही सगळे गेलो होतो. विक्टर मात्र खांबामागे उभा, जणू तो दुसऱ्याच कुणाला घ्यायला आलेला. ल्युबा उतरली, ताईची हाडकुळी प्रत. हालिनाने तिला मिठी मारली नाही. आधी टोपी का घातली नाही म्हणून फैलावर घेतलं, मग आपली टोपी तिच्या डोक्यावर दाबली, आणि दाबलेले हात तिथून काढायलाच विसरली.

गाडीत ल्युबा सांगत होती आणि विक्टर जर्मन करून देत होता, खाली बघत. ‘‘तमारा रोज मला बजावायची, ती जमीन आमचीच आहे म्हणून. आणि रोज माझ्या पायाशी गरम पाण्याची पिशवी ठेवायची.’’ त्यावर हालिना हसली. पहिल्यांदाच. गाडीच्या काचांवरची वाफ त्या हसण्याने उडाली हे मी पुराव्यानिशी सिद्ध करू शकतो. मग विक्टरकडे वळून ती जर्मनमध्ये म्हणाली, ‘‘आभार तुमच्या बहिणीचे. गाव आमचं.’’ विक्टर रस्त्याकडे पाहत एवढंच म्हणाला, ‘‘गेनाऊ.’’ अगदी बरोबर. यातलं नेमकं काय बरोबर, ते त्याने सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही.

आता वसंत आहे. खालच्या खिडकीतून दिवसभर दोन आवाज वर येतात, मध्येच एकमेकांवर चढलेले. हिला वाटतं, मावशी भांडताहेत. भांडतातच. गावातल्या घराच्या फाटकाशी जर्दाळूचं झाड होतं ते डाव्या हाताला की उजव्या, यावरून. हालिना डावीकडे म्हणते, ल्युबा उजवीकडे. हालिना टेबलावर चमच्याने फाटक आखते, ल्युबा ते पुसून दुसरं आखते. त्या फाटकाला आता कुणाचं कुलूप आहे, झाड आहे की नाही, ते दोघींनाही ठाऊक नाही, आणि या तंट्याचा निकाल लागावा अशी दोघींचीही इच्छा दिसत नाही. मी वर बसून निवांत ऐकतो. काळ माणसाच्या हातून जागा काढून घेतो. पण जे हरवलं त्याच्याविषयी आपलं म्हणणं खोडून काढणारं एक जरी माणूस समोर उरलं, तरी आठवण एकटी पडत नाही, आणि नसलेल्या झाडालाही दर वसंतात, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे, मोहर येत राहतो.