पडला म्हणजे मोकळा

आमच्या सुलोचनाचा स्वभाव असा, की तिचं पोरगं चुकलं असं कोणी म्हटलं तर ती आधी म्हणणाऱ्याचंच डोकं ठिकाणावर आहे का ते बघणार. रजत माझा भाचा, त्यामुळे मीही त्याच्याच बाजूचा. पण त्या दिवशी कोर्टाच्या बाकावर बसलो, तो देवाचं नाव घेतच.

प्रकरण साधं होतं. वर्ध्यातल्या एका चौकात रजतच्या पिकअपने तानाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईला उडवलं. मांडीचं हाड मोडलं, आता काठीशिवाय तिला उभं राहता येत नाही. पोलीस म्हणत होते, याने लाल दिव्यातून गाडी काढली. रजत म्हणत होता, हिरवा होता, बाईच मधे आली. चौकातला कॅमेरा नेमका त्याच दिवशी बंद. कॅमेऱ्यांनाही कामाच्या वेळीच झोप लागते.

"सिग्नल तोडून एखाद्याला गंभीर जखमी केलं हे सिद्ध झालं तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते," आमचे ओमप्रकाश वकील म्हणाले होते. "लायसन्स जाईल ते वेगळं."

रजतची एसटीत ड्रायव्हर म्हणून निवड झाली होती आणि नेमणूक या केसपायी अडकून पडली होती. लायसन्स गेलं तर तीही गेली.

लाल की हिरवा, हे सांगणारा साक्षीदार एकच, भैयाजी. पुलगाव स्टेशनावर जन्मभर रूळ बदलणारे पॉइंट्समन होते, आता वर्ध्यात लेकाकडे राहतात. त्यांनी पोलिसांना सांगितलं होतं, "सिग्नल पडला होता, तवा पिकअप आली." शहरात सिग्नल पडला म्हणजे लाल दिवा लागला. पोलिसांनी तसंच धरलं.

पण मी आणि सुलोचना पुलगावच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेलो. आमचा बापही रेल्वेतच. तेव्हा खांबावर लोखंडी हात असायचा. तो आडवा असेपर्यंत गाडी थांबायची आणि खाली पडला की मार्ग मोकळा. वकिलांनी जबाब वाचून दाखवला तशी सुलोचना खुर्चीतून उठलीच.

"भैयाजी रेल्वेचा मानूस आहे, वकीलसाहेब. पडला म्हंजे मोकळा झाला. माहा रजत काऊन खोटं बोलंन?"

ओमप्रकाश वकील इतके खूश झाले की त्यांनी आम्हाला चहा पाजला. वकिलाचा चहा मिळाला म्हणजे केस जिंकल्यातच जमा, असं मी मनाशी धरलं.

भैयाजींनी पिंजऱ्यात उभं राहून शपथ घेतली. सरकारी वकील रुचिका मॅडमनी विचारलं, त्यांनी तेच सांगितलं. मॅडम बसल्या. मग आमचे वकील उठले.

"भैयाजी, तुमच्या रेल्वेत सिग्नल पडला म्हणजे काय हो?"

"मोकळा झाला, जी."

"आणि चौकातल्या सिग्नलबद्दल तुम्ही पडला म्हणालात, ते याच अर्थाने?"

"हो. मले दुसरा अर्थ ठाऊकच नाई."

"म्हणजे पिकअप आली तेव्हा सिग्नल मोकळा होता."

"मोकळाच होता."

सुलोचनाने माझं मनगट इतकं दाबलं की तिची नखं रुतली. न्यायाधीश मॅडम टायपिस्टला उत्तर सांगू लागल्या. रजतने कपाळावरचा घाम पुसला, पण तो हसला नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

रुचिका मॅडम पुन्हा उठल्या. "या शब्दापुरता एकच खुलासा हवा. मोकळा कोणासाठी, भैयाजी?"

आमच्या वकिलांनी हरकत घेतली. न्यायाधीश म्हणाल्या, "शब्दाचा अर्थ तुम्हीच काढलात, आता बसा."

"आमच्यासाठी, जी," भैयाजी म्हणाले. "मी सायकल धरून उभा होतो, ते बाई माह्या बाजूले. उन्हानं तिले दिवा दिसून नव्हता राह्यला. तिनं मले ईचारलं, पडला का जी? मी म्हटलं, पडला, जा आता." त्यांनी मागच्या बाकावरच्या तानाबाईकडे बघितलं. "माह्या शब्दावर निंघाली ते. अन् आडव्या रस्त्यानं हा पिकअप घेऊन आला."

त्यांच्या बाजूला मोकळा, म्हणजे आडव्या रस्त्याला लाल. आता हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. सुलोचनाचा हात माझ्या मनगटावरून केव्हा सुटला ते मला कळलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही व्हरांड्यात आलो. ओमप्रकाश वकील कोट काढत म्हणाले, "आता शिक्षा कमी व्हावी एवढंच मागता येईल. सुटकेचं मनातून काढा."

सुलोचना त्यांच्याकडे बघतच नव्हती. "रजत, तू मले हिरवा सांगितलता," ती म्हणाली.

रजत जमिनीकडे बघत होता. मला त्याची दयाही येत होती आणि दोन कानाखाली द्याव्यात असंही वाटत होतं.

"लाल होता, आई. दिसला होता मले. पन चौकात कोनीच नव्हतं, म्हनून काढली."

तेवढ्यात दारातून तानाबाई बाहेर आली. काठी पुढे टेकायची, मग चांगला पाय, मग दुसरा ओढून घ्यायचा. आम्ही वाट अडवून उभे होतो, म्हणून ती भिंतीला धरून थांबली. सुलोचनाने तिच्याकडे बघितलं, मग लेकाकडे.

"कोनीच नव्हतं?" ती म्हणाली. "मंग हे कोन होय, बाबू?"