एक पिन काढली तेव्हा

या, असे जवळ सरका. टाळ घटकाभर बाजूला ठेवा. आमच्या इस्लापूरकडच्या गावात काल्याच्या दिवशी काय झालं ते सांगतो. मध्येच थांबलो तर थांबू द्या.

शेतात राबून रितं झालेलं मन मी दरवर्षी सप्त्यात भरून घेतो. सात दिवस वीणा खाली टेकत नाही. दुसरा कुणी पाया पडून गळ्यात घेईल, तेव्हाच पहिला मोकळा होतो. त्या सकाळी वीणा अण्णारावच्या गळ्यात होती.

त्याची बायको, तारामती वहिनी, रोजच्यासारखी दोन देवणी गाई घेऊन नदीतल्या बेटावर निघाली होती. भादव्याचं कडक ऊन होतं. पण वर कुठं पाऊस झाला की आमची नदी न सांगता भरते. वहिनीकडं फोन नव्हता. वरच्या गावातला तिचा भाऊ भागवत पाणी चढलं की अण्णारावला फोन करायचा, आणि देवळाच्या भोंग्यावरून तिला हाक जायची. असं त्यांचं ठरलेलं.

अण्णारावनं फोन माझ्या हातात दिला. "बॅटरी टिकून न्हाई राहिली. चार्जिंगला लाव. वाजला की उचल."

वहिनी हसली. "ह्यांच्यापाशी कशाला देता? भाऊजींनी टाळ धरला की घर पेटलं तरी कळायचं न्हाई!"

"हाव, तुमचा नवरा काय लई शुद्धीत असतो!" मी म्हणालो.

"माझा दहीकाला ठेवा म्हंजे झालं. अन् भोंग्यावर कीर्तन चालू हाय तवर मला घोर न्हाई."

लाईट गेली होती. इन्व्हर्टरवरच्या बोर्डाला जागा तीनच: माईक, बुवांचा पंखा आणि अण्णारावचा फोन. कीर्तन रंगात आलं आणि सेलवर चालणारा तंबोरा मरगळला. सूर पडायला लागला. मला राहवलं नाही. एका अभंगापुरतं म्हणून फोनची पिन काढली आणि तंबोऱ्याची लावली.

बुवा म्हणाले, "फोन रोज चार्जिंगला लावता, मन कधी लावता रे?" सगळा मांडव हसला. मी सगळ्यांत मोठ्यानं.

एकाचे तीन अभंग झाले. मधेच पिंपळावरचे बगळे एकदम उठले. त्यांनी घिरटी घातली, पण एकही परत बसला नाही. अण्णारावनं उभ्या जागेवरून भुवई उडवली: वाजला का? मी मान हलवली: नाही. ते खरंच होतं. फोन वाजला नव्हता.

मग चिखलाचा वास आला. त्या उन्हात, ओला वास. मी फोन उचलला. काळाभोर. तंबोऱ्याची पिन उपटून फोनला लावली. फोन जागा व्हायला जो वेळ लागला, तो मी अजून मोजतोय. मग मेसेज आला: भागवतचे अकरा मिस्ड कॉल.

बुवांच्या हातून माईक ओढला. "वहिनी! काठावर या! पाणी आलंय!"

अण्णारावचे हात वीणेवर थिजले. मी पाया पडलो, वीणा गळ्यात घेतली. तो धावत सुटला, त्याच्यामागं मांडव रिकामा झाला. वीणा माझ्या गळ्यात, मी कुठं जाणार? पुन्हा पुन्हा माईकमधून हाक घालत राहिलो. भोंगा घुमत होता आणि त्याच्याखालून नदीचा आवाज चढत होता.

बऱ्याच वेळानं दोन्ही गाई घाटावर आल्या, मानेपर्यंत चिंब. एकीच्या गळ्यातलं दावं नुसतंच लोंबत होतं.

वहिनी तिसऱ्या दिवशी नदीच्या खालच्या अंगाला सापडली. काठावरच्या गुराख्यानं सांगितलं, ती बेटावर ताल धरून बसली होती. भोंग्यावर कीर्तन चालू होतं ना.

तिच्या दहीकाल्याचा द्रोण झाकून ठेवला होता. तो मीच गाईंना घातला. पुढच्या वर्षी वीणा अण्णारावनं माझ्याच हातून घेतली.

मी अजून सप्त्याला जातो, मन अजून भरतं. पण आधी बोर्डापाशी जाऊन बसतो. तुमचाही हात कधी दुसऱ्याची पिन काढायला गेला, तर तेवढ्यापुरती आमच्या तारामती वहिनीची याद ठेवा.