शहागंजातून नळापर्यंत

हो, बादलीच बोलतेय मी! निळी, मोठी, अजून एकही ओरखडा नसलेली.

दोन वर्षांपूर्वी शहागंजातल्या एका दुकानाबाहेर मी टांगलेली होते. रत्नमालाबाईंनी मला उतरवलं आणि उजेडात धरून माझा तळ पाहिला.

"पोरीला होस्टेलवर न्यायची हाय."

"कितवीला हाय पोरगी?"

"नववीला!" म्हणाल्या, आणि स्वतःच हसत सुटल्या.

मायलेकींचं ठरलेलं होतं. तनुजानं अकरावी-बारावी चांगल्या निवासी कॉलेजात करायची आणि मग विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकायचं. जमिनीखाली पाणी कुठं असतं, ते तिला शोधायचं होतं.

पुढं काही महिन्यांतच रत्नमालाबाई गेल्या. मी कपाटावर कोरडीच राहिले. कुणी वापरायला काढलं, की तनुजा मला परत वर ठेवायची.

दहावीचा निकाल लागला. तनुजा वडिलांना म्हणाली, "पप्पा, मी इथंच जवळच्या कॉलेजात जाते." कारण तिनं सांगितलं नाही, तिच्या वडिलांनी, संघपालनी, विचारलं नाही. रविवारी त्यांनी मला पुसलं आणि मोटारसायकलला बांधलं.

"बघून तर येऊ."

"मग बादली कशाला?"

"तिलाबी बघू दे की!"

काय सांगू माझा आनंद! वारा माझ्यात नुसता घुमत होता.

पहिल्या कॉलेजच्या दारावर गुणवंतांचे मोठमोठे फलक होते. तनुजानं भूगर्भशास्त्राचं विचारलं. तिथले साहेब म्हणाले, "ते घेऊन काय करणार? डॉक्टर व्हा." इथल्या मुलींशी बोलू का, म्हटलं तर, "मुली अभ्यासात आहेत." आम्ही निघालो.

दुसरं गंगापूरच्या रस्त्याला, साधंच. नळावर पिशोर गावची राजनंदिनी नावाची मुलगी कपडे पिळत होती.

"जेवण कसं असतं गं?"

"वरणात डाळ हुडकावी लागती."

"मग राहतेस कशाला?"

"मॅडमनी परवा आम्हाला कोरड्या विहिरीत उतरवलं, खडकाचे थर दाखवायला. अशा मॅडम सोडून कुठं जाऊ?"

"खरंच? विहिरीत?" तनुजाचा आवाज किती दिवसांनी असा चढला! पण लगेच तिनं वडिलांकडं पाहिलं. "नको पप्पा. घरी तुम्ही एकटेच..."

"मला कुकर लावता येतो. तुझ्या आईनं दवाखान्यातून फोनवर शिकवला. शिट्ट्या ऐकत बसायची तिकडून." त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "तुझी बादली घेतली, तसं माझंबी बघून ठेवलं तिनं."

तनुजा बराच वेळ माझी कडी खालीवर करत राहिली.

"भाजी जाळाल तुम्ही."

"जळाली तर फोन करीन."

आज सकाळी मी त्याच नळाखाली आहे. मागून राजनंदिनी ओरडतेय, "आटप की गं, पाणी जाईल!" पहिली धार तळावर आदळली तेव्हा केवढी दणदणले मी!

तुमच्याही कपाटावर कुणीतरी कुणासाठी तरी घेऊन ठेवलेलं काही असेल. उतरवा ते. वापरा. चला, येते मी. काठोकाठ भरलेय, आणखी बोलले तर सांडेन.